हजारी किती?

मे महिन्यात माणसं महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात, काहीच जमलं नाही तर माहेरी जातात. मी चिखल तुडवायला गेले. पालघर जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर, दहा दिवस, अकरा हजार रुपये भरून. राहणं-जेवणं त्यातच धरलेलं होतं. चिखलही.

झालं असं, की विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर पहिले सहा महिने मी माझी कपाटं आवरली. सातव्या महिन्यात नवऱ्याची आवरायला घेतली, तेव्हा त्यानेच घाईघाईने लेकीला फोन लावला. आईवडिलांच्या आयुष्याला काही अर्थ उरला नाही, ह्याची आमच्या लेकीला फार काळजी असते. तिने एका शिबिराचा अर्ज पाठवला: 'नैसर्गिक बांधकाम आणि परसबाग, स्वयंसेवक हवेत'. अर्जात एक प्रश्न होता. तुमचं मातीशी नातं कसं आहे? मी मुलुंडला सातव्या मजल्यावर राहते. 'दुरावलेलं' असं लिहिलं. तासाभरात निवड झाल्याचं कळलं आणि पाठोपाठ पैसे भरायची लिंक आली.

आईला फोन केला. ती ८२ वर्षांची आहे, चिपळूणजवळ आमच्या जुन्या घरात राहते. म्हटलं, शेणामातीनं सारवायला शिकवणार आहेत. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "शनिवारी अंगण सारवायचं म्हटलं की तुझ्या पोटात दुखायचं." आणि थोड्या वेळाने, "किती घेतात म्हणालीस? इकडे ये. मी पाच हजारांत शिकवते."

तसं हे वेड काही आजचं नाही. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड नावाच्या बाईंना शहराचा कंटाळा आला आणि त्यांनी एक युक्ती काढली. शनिवार-रविवारी ससेक्समधल्या शेतावर जाऊन राबायचं, त्या बदल्यात जेवण आणि पाठ टेकायला जागा घ्यायची. पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. ती चळवळ पुढे जगभर पसरली. आपल्याकडे येता येता मात्र तो पैशांचा मुद्दा वाटेत कुठेतरी सांडला. बहुधा कसाऱ्याच्या अलीकडेच.

कसाऱ्यापर्यंत लोकलने गेले. तिथून काळी-पिवळी जीप, विहीगाव, खोडाळा, आणि मग एक रस्ता, ज्याला रस्ता म्हणणं हा ड्रायव्हरचा मोठेपणा होता. जीपमध्ये चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि माझी योगा मॅट. ती नेमकी कशाला लागते हे शेजारच्या बाईंनी विचारलं. "व्यायामाला," मी म्हटलं. "मंग तिकडं काम नाय करनार?" त्या म्हणाल्या. पहिला बाण तिथेच बसला होता, पण मला तेव्हा तो लागला नाही.

आम्ही नऊ स्वयंसेवक होतो. एक आर्किटेक्ट मुलगी, बंगळुरूहून आलेला एक संगणकवाला, जो दर तासाला टेकडीवर जाऊन फोन हवेत धरायचा, पुण्याचे एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, ज्यांनी स्वतःचा ओळंबा आणि पाणसळ आणली होती, आणि बाकीचे आम्ही सगळे 'दुरावलेले'. आमचा संयोजक पंचविशीतला, केसांचा अंबाडा घालणारा, अतिशय गोड मुलगा होता. सकाळी तो आम्हाला गोल बसवायचा आणि लॉरी बेकर यांच्याबद्दल सांगायचा. बेकर हा इंग्रज आर्किटेक्ट १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या कामासाठी भारतात आला आणि इथलाच झाला. घराला लागणारं सगळं सामान पाच मैलांच्या आत मिळावं, हे गांधीजींचं म्हणणं त्याने आयुष्यभर डोक्यात ठेवलं. आम्हीही ठेवलं. आमची माती अंगणातली, कारवी समोरच्या डोंगरातली, बांबू ओढ्याकाठचा. पाच मैलांच्या बाहेरचे फक्त आम्हीच होतो. आणि पीनट बटरची बरणी.

बांधायची होती मुलांसाठी अभ्यासिका. जागा एका आजीची, तिच्या घराला लागून. आजी बारकी, काटक, पाठीत वाकलेली. ती ओटीवर बसून तंबाखू मळत आमच्याकडे बघायची. परक्यांची मुलं अंगणात खेळत असली की आपण जसं लक्ष ठेवतो तसं. तिचं स्वतःचं घर कुडाचं. कूड म्हणजे मेढी रोवून त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची. ही कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. आमच्या ऑफिसात प्रमोशनचं साधारण हेच वेळापत्रक होतं. कुडाला फटी राहतात, वारा खेळतो, आवाजही येतो-जातो. भिंतीला कान असतात असं आपण म्हणतो, कुडाला डोळेसुद्धा असतात. शेजारी घरकुल योजनेतली पक्की खोलीही होती, विटांची, वर पत्रा. तिच्यात भाताची पोती, खतांच्या गोण्या आणि चार्जिंगला लावलेला फोन असे तिघं राहायचे. मे महिन्यात पत्र्याखाली माणसाने राहायचं म्हणजे तव्यावर झोपण्यापैकी होतं, त्यामुळे माणसं आपली कुडातच.

अभ्यासिकेच्या तीन भिंती कुडाच्या ठरल्या. चौथी मात्र आर्किटेक्ट मुलीच्या मनात होती. इंग्लंडात डेव्हन नावाच्या परगण्यात जुनी पद्धत आहे. माती, वाळू, पेंढा आणि पाणी पायांनी तुडवायचं, त्याचे गोळे एकावर एक थापत दीड-दोन फूट जाड भिंत चढवायची. तिला ते कॉब म्हणतात. भिंतीला हवा तो आकार देता येतो. आमची भिंत लाटेसारखी वळणार होती, आत बसायला कट्टा, आणि मध्ये गोल खिडकी. पश्चिमेला.

आजी उठून आली. म्हणाली, "पाऊस तिकडून येतो."

मुलगी म्हणाली, "हो आजी, पण सूर्यास्त तिकडे आहे."

आजीने एकदा पश्चिमेकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. डेव्हनमध्ये जे पडतं त्याला पाऊस म्हणत असतील, तर मोखाड्यात जे पडतं त्याला निराळा शब्द शोधावा लागेल. पण आजीने वाद घातला नाही. सूर्यास्ताविरुद्ध बोलायला तिच्याकडे काही नव्हतं.

बोलली ती पाण्यावरून. मातीची भिंत पाणी पिते, आणि मे महिन्यात पाड्याच्या विहिरीत तळाचं ढवळलेलं पाणी होतं. बायका पहाटे रांग लावून वाटीवाटीने हंडा भरत. मग दोन-तीन दिवसांआड टँकर येई, विहिरीत पाइप सोडी आणि पाच मिनिटं विहिरीला आपण विहीर असल्यासारखं वाटे. ह्याच मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे, शंभर मीटरहून उंच. मुंबईला ज्या सात तलावांचं पाणी येतं त्यांतला हा सर्वांत नवा. म्हणजे मी मुलुंडला रोज ज्या पाण्याने खिडक्यांच्या काचा धुते, त्याच्या उगमापाशी येऊन मी अर्ध्या बादलीत आंघोळ करत होते. तिसऱ्या दिवशी तीही सोडली. नऊच्या नऊ जणांनी सोडली. संयोजक ह्याला 'शाश्वत जीवनशैली' म्हणाला. घरच्या फोनवर नवऱ्याने वेगळा शब्द वापरला.

एवढं करूनही आजीला आमचं पाणी बघवत नसे. आम्ही खड्ड्यात पाणी ओतायला लागलो की ती तोंड फिरवून बसायची.

आता कुडाच्या भिंतींबद्दल. पहिल्या दिवशी आम्ही चार हात लांबीचा कूड बांधला. इंजिनिअर काकांनी ओळंबा सोडला आणि वहीत टिपलं: चाळीस मिलिमीटर बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजलं. पाच मिलिमीटर. काका चकित. तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी भिंत दारुड्यासारखी, सकाळी कवायतीला उभ्या शिपायासारखी. काकांनी गोल बसल्यावर छोटं व्याख्यानच दिलं. माती सुकताना आकसते, कारवीवर ताण येतो, आणि रचना आपला समतोल आपणच शोधते. सगळे भारावले. संयोजक डोळे मिटून म्हणाला, "माती जिवंत असते." बंगळुरूच्या मुलाने ते लिहून घेतलं आणि टेकडीवर जाऊन कुठेतरी पाठवलं.

चौथ्या रात्री मला बाहेर जावं लागलं. तिथलं संडास-प्रकरण मी दोन शब्दांत आटोपते: भुसा आणि राख. तर पहाटे चारच्या सुमाराला परत येताना अभ्यासिकेपाशी उजेड दिसला. आजी आणि तिची सून. सुनेने मोबाइलची टॉर्च दातात धरली होती. दोघी मिळून आम्ही दिवसभरात बांधलेला कूड सोडवत होत्या. कारव्या उपटायच्या, सरळ-वाकड्या निवडायच्या, बुडखा खाली शेंडा वर असं लावून घ्यायचं, बांबूची आडवी चिंबाटी ओढून बांधायची, की पुढची. झपझप. आम्हाला दिवस लागलेलं काम त्यांनी पाऊण तासात उलटसुलट करून टाकलं. आम्ही निम्म्या कारव्या डोक्यावर उभ्या केल्या होत्या, हे मला तेव्हा समजलं.

मला बघून सून घाबरली. टॉर्च तोंडातून पडली. आजी मात्र शांत. म्हणाली, "सांगू नका कोनाला. पोरांना वाईट वाटंल."

मी सांगितलं नाही. त्या रात्रीपासून टॉर्च मी धरायला लागले. दहा दिवसांतलं माझं खरं स्वयंसेवेचं काम तेवढंच झालं. दिवसा काकांचं समतोलाचं व्याख्यान ऐकताना मी मान डोलवायचे आणि आजीची नजर चुकवायचे. लाटेच्या भिंतीला मात्र त्या दोघींनी कधी हात लावला नाही. मी विचारलं, तर सून म्हणाली, "ती तुमची."

परसबागेचं थोडक्यात सांगते, कारण ती थोडक्यातच आटोपली. आम्हाला मासानोबू फुकुओका ह्या जपानी शेतकऱ्याबद्दल वाचायला दिलं होतं. नांगरू नका, खतं घालू नका, निसर्गाच्या आड येऊ नका, असं सांगणारं पुस्तक त्यांनी १९७५ साली लिहिलं. काहीही न करण्याची शेती. मी घरी फोनवर सांगितलं, तेव्हा नवऱ्याचा आवाज भरून आला. गेली तीस वर्षं सोफ्यावर तो हेच करतोय आणि त्याला कोणी तत्त्वज्ञ म्हटलं नाही.

पण काहीही न करणं आम्हाला जमेना. आजीच्या मोरीच्या सांडपाण्यावर एक हिरवा पट्टा उगवला होता. मी सकाळी उत्साहाने तण उपटून ढीग केला. आजीने ढिगाकडे पाहिलं, परडी आणली, सगळं गोळा केलं. दुपारी ताटात घोळाची भाजी आली, नागलीच्या भाकरीबरोबर. अतिशय सुंदर झाली होती. आजी म्हणाली, "बरं झालं खुडून दिलीत."

मग जीवामृत. सुभाष पाळेकरांची कृती: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन दिवस ढवळत ठेवायचं. शेण-गोमूत्रापर्यंत आजीची काही हरकत नव्हती. २०० लिटर पाण्याला तिने नुसतं हसून घेतलं. पण बेसनाचं पाकीट फोडायला घेतलं तशी ती उठली. "मातीत? पीठ?" संयोजकाने जिवाणूंना अन्न लागतं वगैरे समजावलं. आजीने ऐकून घेतलं. शेवटी काकांनी त्रैराशिक मांडलं आणि वीस लिटरचा दहावा हिस्सा करायचा ठरलं. दोनशे ग्रॅम बेसन जिवाणूंच्या वाट्याला गेलं. उरलेल्याचं रात्री पिठलं झालं. जिवाणूंचं माहीत नाही, आम्ही नऊ जण दुसऱ्या दिवशी चांगले कामाला लागलो. ज्या रोपांसाठी हा खटाटोप, ती रोपं सहाव्या दिवशी बकरीने खाल्ली. निसर्गाच्या आड यायचं नाही म्हणून कुंपण घातलं नव्हतं.

आठव्या दिवशी आजीचा मुलगा आला.

ह्या भागातली बरीचशी माणसं भात झोडून झालं, दिवाळी उरकली की घरं बंद करून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. नवरा-बायको जोडीने जातात. ह्या घरात बाळ लहान, म्हणून सून यंदा मागे राहिली होती. मुलगा खांद्यावर पिशवी, हातात गुंडाळलेली गोधडी घेऊन आला, तेव्हा आम्ही खड्ड्यात गुडघाभर चिखलात उभे राहून गाणं म्हणत होतो. एकमेकांचे खांदे धरून, गोल फिरत. संयोजकाच्या मते त्याने लय सापडते.

तो थांबला. पिशवी खाली ठेवली. बिडी पेटवली. पूर्ण बिडी संपेपर्यंत त्याने आम्हाला पाहिलं. मग मी कडेला होते, म्हणून मला विचारलं, "मावशी, तुमचा शेठ कोन?"

"शेठ नाही कोणी," मी म्हटलं.

"मंग हजारी किती देतात?"

हजारी म्हणजे हजार विटांमागची मजुरी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, किती हजार असं विचारतोय. "अकरा," मी सांगितलं.

"अकराशे?" तो एकदम ताठ झाला. "रोख?"

"अकरा हजार. दहा दिवसांचे."

त्याने बिडीचं थोटूक टाकलं आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला मुलुंडच्या बिल्डरची आठवण आली. मग माझ्या लक्षात आलं आणि मी घाईने म्हणाले, "नाही, नाही. आम्हाला देत नाहीत. आम्ही देतो."

इथे फार वेळ कोणी बोललं नाही. गाणंही थांबलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समज उतरत गेली. तो खाली बसला, अगदी जवळ आला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "उचल घेतली होती का? फिटत नाय?"

उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. ती अंगावर राहिली की पुढच्या वर्षी त्याच शेठकडे राबून फेडायची. दुसरं कुठलंच स्पष्टीकरण त्याला सुचेना, आणि खरं सांगायचं तर मलाही. सातव्या मजल्यावरच्या घराचे हप्ते, लेकीचं शिक्षण, नवऱ्याची गाडी; मी मनात हिशेब केला आणि म्हटलं, तसं म्हटलं तर घेतली होती.

"घाबरू नका," तो म्हणाला. "संघटनेवाले सोडवतात. माझ्या चुलत्याला सोडवला. नंबर हाय माझ्याकडं."

बंगळुरूच्या मुलाला त्याने वेगळं बोलावून हाच प्रश्न विचारल्याचं नंतर कळलं. त्याची स्वतःची उचल कंपनीच्या शेअर्समध्ये अडकलेली असल्याने तोही काही ठाम नाही म्हणू शकला नाही.

मग तो पँट वर दुमडून खड्ड्यात उतरला. आमचं पाणी जास्त झालं होतं. त्याने घमेल्याने थोडं उपसलं, ते फेकून न देता कडेच्या अळूला घातलं, चार घमेली कोरडी माती आणि तूस टाकलं आणि टाचेने तुडवायला लागला. आम्ही पंजे आपटत होतो; त्याची टाच एका ठेक्यात, खोल, पुढे सरकत जाई. वीस मिनिटांत चिखल लोण्यासारखा. संयोजकाने व्हिडिओ काढला. काकांनी "पाण्याचं प्रमाण काय?" म्हणून विचारलं, तर त्याने एक गोळा करून त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "एवढं." काकांनी वही उघडली, थोडा वेळ पेन धरलं आणि मिटली.

सहा महिने चिखल तुडवून सुट्टीला घरी आलेला माणूस, पहिल्या दिवशी आमचा चिखल तुडवत होता. आजी ओटीवरून ओरडली, "आरं, जेवला तरी का?" तो म्हणाला, "ह्यांचं आटपू दे."

दहाव्या दिवशी भिंत उभी राहिली. वळण छान आलं होतं, हे मान्य करायला हवं. आम्ही कट्ट्यावर दाटीवाटीने बसून गोल खिडकीतून सूर्यास्त पाहिला. आर्किटेक्ट मुलगी रडली. मीही थोडी. आजीने आम्हा प्रत्येकीला पिशवीत थोडी नागली बांधून दिली आणि आर्किटेक्ट मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. भिंतीवरून नाही.

घरी आले. पहिले दोन दिवस नळ सोडला की मला उगाच अपराधी वाटायचं. तिसऱ्या दिवशी वाटेनासं झालं, तेव्हा मीच थोडी दचकले. आईला फोन करून सारवणाची कृती सांगितली. ती म्हणाली, "शेण ताजं घेतलंस ना?" म्हटलं, हो. "मग पास."

ऑक्टोबरात आजीच्या मुलाचा फोन आला. भात तयार आहे, कापणी सुरू होईल, दिवाळीनंतर भट्टीवर जायचंय, सुनेचंही ह्या वर्षी जायचं ठरतंय, असं सगळं सांगून झालं. मी विचारलं, अभ्यासिका कशी आहे?

"बरी हाय. तीन भिंती एकदम टाइट. पोरं बसतात. राती कोंबड्या बसतात."

"आणि आमची?"

तो थोडा घुटमळला. ज्याच्यात्याच्या मनाला जपणं हा त्या घराचा रक्तातलाच आजार असावा.

"जुलैमधी बसली ती," तो म्हणाला. "पर मावशी, त्या ताईला सांगा, सूर्य आता अख्खा दिसतो."